पर्यावरणस्नेही जीन्स : पर्यायी व सेंद्रिय वनस्पतिजन्य तंतूंचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाणकामगार व श्रमिक यांच्यासाठी शिवली जाणारी जाड कापडाची विजार आज जगातील बहुतेक देशांत स्त्री-पुरुष, श्रीमंत-गरीब, शहरी-ग्रामीण असे सर्वच वापरतात. वस्त्राच्या एवढ्या व्यापक प्रसारामागे शेती, रंगनिर्मिती, सूतकताई व धुलाई यांची मोठी साखळी उभी असते आणि तिचा भार जमीन, पाणी व मनुष्यबळ यांवर पडतो. लेव्ही स्ट्राउस कंपनीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिच्या ‘५०१’ जीन्सच्या एका नगाच्या जीवनचक्रात ३,७८१ लिटर पाणी खर्च होते. त्यापैकी ६८ टक्के पाणी कापूस पिकविण्यास, तर २३ टक्के ग्राहकाच्या घरी धुण्यास लागते. साहजिकच जीन्स पर्यावरणस्नेही करावयाची तर प्रथम तिचा तंतू बदलावा, असा विचार पुढे आला. सेंद्रिय कापूस, औद्योगिक भांग, जवस, बांबू व लाकडाचा लगदा हे पर्याय त्यातूनच चर्चेत आले.

तंतू बदलल्याने वस्त्र निर्दोष होते काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेइतकेच इतिहासातही शोधावे लागते. वनस्पतीचे नाव हा कोणत्याही धाग्याच्या चांगुलपणाचा पुरेसा पुरावा नाही. तो धागा कोणत्या परिस्थितीत पिकला, त्यावर कोणती प्रक्रिया झाली, बदलाचा खर्च कोणी सोसला आणि या सर्वांची पडताळणी करता येते काय, यांवर त्याचे मूल्य ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

जीन्सचा मूळ धागा

‘जीन’ हा शब्द इटलीतील जिनोआ या बंदराच्या नावावरून आला. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये या नावाने येणारे कापड ‘फुश्चन’ या प्रकारातील होते. त्यात सामान्यतः जवसाच्या सुताचा ताणा व कापसाचा बाणा असे. पुढे अठराव्या शतकात ते पूर्णपणे कापसाचे विणले जाऊ लागले. ‘डेनिम’ हा शब्द फ्रान्समधील नीम या शहराच्या नावाशी जोडला जातो. परंतु ‘सर्ज द नीम’ या कापडात लोकर व रेशीम असे, आणि डेनिम मात्र कापसाचे. त्यामुळे ही व्युत्पत्ती अभ्यासकांत वादाची ठरली आहे. ‘डंगरी’ या तिसऱ्या शब्दाचा संबंध आपल्याकडे येतो. सतराव्या शतकापासून इंग्रजी लिखाणात आढळणारा हा शब्द भारतातील जाड्याभरड्या सुती कापडासाठी वापरला जाई आणि मुंबईच्या डोंगरी भागाशी त्याचे नाते सांगितले जाते.

२० मे १८७३ रोजी नेवाडातील रीनो येथील शिंपी जेकब डेव्हिस व सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी लेव्ही स्ट्राउस यांना खिशांच्या कोपऱ्यांवर धातूचे रिबिट ठोकून विजार मजबूत करण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट मिळाले. स्ट्राउस यांच्या पहिल्या विजारी भांगेच्या शिडाच्या कापडाच्या होत्या, असे आजही अनेक ठिकाणी छापले जाते. या कथेला आधार नाही. डेव्हिस यांनी आरंभी वापरलेले ‘डक’ हे कापड व नंतरचे डेनिम ही दोन्ही सुती होती. १९०६ च्या भूकंपात व आगीत कंपनीचे जुने दप्तर नष्ट झाले, ही घटना अशा दंतकथांना पोषक ठरली असावी. पर्यायी तंतूच्या पुरस्कारासाठी खोट्या परंपरेची गरज नसते. जीन्सच्या पूर्वज कापडात जवस खरोखरच होता, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

निळीचा धडा

जीन्सचा निळा रंग हा या विषयातील सर्वांत बोधप्रद अध्याय आहे. नीळ वनस्पतिजन्य होती. तिचे झाड शेंगवर्गीय असल्याने जमिनीत नत्र स्थिर करते. आजच्या परिभाषेत ती ‘नैसर्गिक’ व ‘सेंद्रिय’ ठरली असती. परंतु बंगालमध्ये निळीच्या मळेवाल्यांनी रयतेला आगाऊ रकमेच्या कर्जात अडकवून भाताच्या जमिनीत नीळ लावण्यास भाग पाडले. त्याविरुद्ध १८५९-६० मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला आणि दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ (१८६०) या नाटकाने हा अन्याय सुशिक्षितांपुढे मांडला. बिहारमधील चंपारण्यात ‘तीनकठिया’ पद्धतीनुसार बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावणे कुळांना बंधनकारक होते. १९१७ मध्ये महात्मा गांधींनी तेथे केलेल्या सत्याग्रहानंतर १९१८ च्या कायद्याने ही पद्धत संपुष्टात आली.

दरम्यान अडॉल्फ फॉन बायर यांनी १८८० मध्ये निळीचे रासायनिक संश्लेषण साध्य केले आणि १८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. भारतीय निळीचा व्यापार अल्पावधीत ढासळला. कृत्रिम निळीने रयतेच्या शोषणाचे एक साधन निकामी केले, परंतु अॅनिलीनसारख्या रसायनांचा व रंगशाळांतील सांडपाण्याचा नवा प्रश्न निर्माण केला. म्हणजे वनस्पतिजन्य रंग अन्याय्य असू शकतो व रासायनिक रंग प्रदूषक असू शकतो. आज नैसर्गिक निळीच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न होत असताना तिच्या रंगछटेबरोबरच तिच्या शेतीतील करारांकडेही पाहिले पाहिजे, हा या अध्यायाचा धडा होय.

कापसाला पर्याय शोधण्याची परंपरा

कापसाला पर्याय शोधण्याची कल्पना पर्यावरणाच्या जाणिवेपेक्षा बरीच जुनी आहे. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात क्लॉसेन यांनी जवसाच्या तंतूवर प्रक्रिया करून केलेला ‘जवस-कापूस’ मांडला होता. लांब खोडतंतू तोडून व मऊ करून कापसाच्या यंत्रांवर कातण्याजोगा करणे, हे त्यामागील तत्त्व होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा दुष्काळ जाणवला, तेव्हा अशा पर्यायांचा शोध तीव्र झाला. पहिल्या महायुद्धात जर्मनीने खाजकुयलीप्रमाणे अंगाला खाज आणणाऱ्या नेटल या रानटी वनस्पतीचा तंतू सैनिकांच्या गणवेशासाठी वापरला. या सर्व प्रयत्नांमागे टंचाई होती. टंचाई संपताच पर्यायही विस्मरणात गेले.

यादवी युद्धाच्या त्याच काळाने आपल्या प्रदेशाचा कापूसही बदलला. मुंबईत कापसाच्या तेजीने अमाप पैसा आला आणि १८६५ मध्ये ती तेजी कोसळून अनेकांचे दिवाळे निघाले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि वऱ्हाड व नागपूरचा कापूस थेट मुंबई बंदराशी जोडला गेला. लँकेशायरच्या यंत्रांना लांब धाग्याचा कापूस हवा होता, तर वऱ्हाडातील बहुतेक देशी कापूस आखूड धाग्याचा होता. तेथून सुरू झालेल्या ‘सुधारणे’च्या प्रवाहात देशी (अर्बोरियम) जाती मागे पडत गेल्या आणि विसाव्या शतकात अमेरिकन (हिर्सुटम) जाती व त्यांचे संकर वरचढ ठरले. या घटनेकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

पर्यावरणाचा हेतू या शोधात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरला. रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या ग्रंथाने कीटकनाशकांच्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधले. सोव्हिएत मध्य आशियात कापसाच्या सिंचनासाठी अमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी वळविल्याने १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. एका पिकाने एक समुद्र नाहीसा होऊ शकतो, हे जगाने पाहिले.

भांगेचा तंतू : बंदी व पुनरागमन

पर्यायी तंतूंमध्ये इंग्रजीतील ‘हेम्प’ला अग्रस्थान दिले जाते. मराठीत या शब्दाने गोंधळ होण्याचा संभव आहे. आपल्याकडे दोरखंडासाठी व हिरवळीच्या खतासाठी लावला जाणारा ताग किंवा बोरू, तसेच भाजीची अंबाडी यांचेही तंतू निघतात. पण या वनस्पती वेगळ्या. येथे अभिप्रेत असलेला तंतू भांगेच्या झाडाच्या सालीतून मिळतो. ‘कॅन्व्हास’ हा शब्दच भांगेच्या लॅटिन नावावरून आला आहे.

अमेरिकेत १९३७ च्या कर-कायद्याने भांगेच्या लागवडीवर जाचक बंधने आली. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपिन्स घेतल्यावर तेथील दोरखंडाचा तंतू मिळेनासा झाला, तेव्हा त्याच सरकारने १९४२ मध्ये चित्रपट काढून शेतकऱ्यांना भांग लावण्याचे आवाहन केले. युद्धानंतर पुन्हा बंधने आली. अखेर डिसेंबर २०१८ मधील कृषी कायद्याने औद्योगिक भांग अमली पदार्थांच्या व्याख्येतून वगळण्यात आली. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातही तंतू व बियांसाठी लागवडीस शासन परवानगी देऊ शकते. या तरतुदीचा उपयोग उत्तराखंडाने २०१८ मध्ये केला. तेथील पहाडी समाजात भांगेच्या सालीपासून दोर व जाडे कापड करण्याची परंपरा जुनीच आहे.

२०१९ मध्ये लेव्ही स्ट्राउस कंपनीने ‘आउटरनोन’ या कंपनीच्या सहकार्याने सुमारे ३० टक्के भांग व उर्वरित कापूस अशा मिश्रणाची जीन्स बाजारात आणली. त्यातील भांग कापसासारखी मऊ केलेली होती. १८५१ मधील कल्पनाच येथे सुधारित तंत्राने पुन्हा अवतरली. भांग तीन-चार महिन्यांत वाढते व तिला कीटकनाशके कमी लागतात, हे खरे. तथापि तिचा तंतू सुटा करण्यासाठी खोडे कुजवावी लागतात. नदी-ओढ्यात खोडे कुजविल्याने पाणी एवढे नासे की आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५४१ च्या सुमारास, इंग्लंडला वाहत्या पाण्यात भांग कुजविण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला. ‘कमी पाण्याचे पीक’ हे विधान शेतापुरते खरे असले, तरी शेताबाहेरच्या पाण्याचा हिशेबही त्यात धरला पाहिजे.

बांबू व लाकडाचा लगदा

बांबूच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मऊ कापडाचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यापासून व्हिस्कोस काढला जातो. ही पद्धत १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये शोधली गेली व तिच्यात कार्बन डायसल्फाइड हे विषारी द्रव्य वापरले जाते. तयार धाग्यात बांबूचे मूळ गुण उरत नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये ‘बांबूचे कापड’ म्हणून रेयॉन विकणाऱ्या विक्रेत्यांवर कारवाई केली. याउलट लायोसेल या धाग्यात निलगिरीसारख्या लाकडाचा लगदा वापरला जातो आणि त्यातील द्रावक जवळजवळ पूर्णपणे परत मिळवून पुन्हा वापरता येतो. दोन्ही धागे झाडापासूनच येतात. त्यांतील फरक कारखान्यात निर्माण होतो, आणि तो ग्राहकाला कापडाकडे पाहून कळत नाही.

सेंद्रिय कापूस : निमाड ते विदर्भ

मूळ कापूसच रासायनिक खते व कीटकनाशके यांविना पिकविणे, हा दुसरा मार्ग होय. अमेरिकेतील पॅटागोनिया कंपनीने १९९६ पासून आपले सर्व सुती कपडे सेंद्रिय कापसाचे केले. हॉलंडमधील सॉलिडॅरिडॅड या संस्थेच्या प्रेरणेने २००१ च्या सुमारास कुयिची ही सेंद्रिय कापसाची जीन्स विकणारी कंपनी सुरू झाली. २००६ मध्ये लेव्ही स्ट्राउसने सेंद्रिय कापसाची ‘इको’ जीन्स आणली. स्वीडनच्या नुडी जीन्सने २०१२ मध्ये आपले सर्व डेनिम सेंद्रिय कापसाचे केले.

या जीन्सचा कापूस पिकविण्यात भारताचा वाटा मोठा आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी मध्य प्रदेशातील निमाडात स्वित्झर्लंडच्या रेमाय कंपनीच्या सहकार्याने माइकाल प्रकल्प सुरू झाला. त्याच दशकात विदर्भातही काही शेतकऱ्यांनी संघटितपणे सेंद्रिय कापूस पिकविण्यास आरंभ केला. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताने तुर्कस्तानला मागे टाकून सेंद्रिय कापसाच्या उत्पादनात जगात पहिले स्थान मिळविले.

निमाडातील शेतांच्या अभ्यासावर आधारित, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सेंद्रिय शेतीचा उत्पादनखर्च १० ते २० टक्के कमी आणि २० टक्के अधिमूल्य धरता निव्वळ प्राप्ती ३० ते ४० टक्के अधिक आढळली. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच भागातील क्षेत्रप्रयोगात सेंद्रिय कापसाचे उत्पादन मात्र रासायनिक शेतीपेक्षा कमी आले व खर्चही कमी असल्याने प्राप्ती जवळपास सारखी राहिली. पहिल्या वर्षांत घट अधिक होती. शेत सेंद्रिय म्हणून प्रमाणित होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. या काळात उत्पादन घटते, पण कापूस सामान्य भावानेच विकावा लागतो. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वर्षे सर्वांत कसोटीची असतात. त्याच्या शेतात पाण्याचा जागतिक सरासरी आकडा फारसा लागू पडत नाही, कारण त्याचा कापूस मुख्यतः पावसावर येतो. त्याचा प्रश्न बियाणे, फवारणी व कर्ज यांचा आहे. संक्रमणकाळाचा तोटा त्यानेच सोसावा आणि ‘पर्यावरणस्नेही’ हा किताब परदेशातील विक्रेत्याने मिरवावा, ही व्यवस्था निळीच्या इतिहासाची आठवण करून देणारी आहे.

प्रमाणपत्र आणि विश्वास

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली व पुढील दशकभरात देशातील बहुतांश कापूसक्षेत्र त्याखाली आले. सेंद्रिय शेतीत जनुकीय परावर्तित बियाणे निषिद्ध असल्याने शुद्ध बिगर-बीटी बियाणे मिळणे दुरापास्त झाले, आणि शेजारच्या शेतातून किंवा जिनिंगमध्ये भेसळ होण्याचा धोका वाढला. २००६ मध्ये सेंद्रिय वस्त्रांसाठी जागतिक मानकाची प्रमाणनपद्धती अमलात आली. तरीही २०२० मध्ये याच मानकाच्या व्यवस्थापनाला भारतात सुमारे २०,००० टन कापसाचे बनावट व्यवहार-दाखले आढळले. ज्या शेतकऱ्यांच्या नावावर हा कापूस दाखविला गेला असेल, त्यांना वाढीव भावाचा लाभ मिळाला असण्याची शक्यता नाही. आणि ज्यांनी प्रामाणिकपणे सेंद्रिय कापूस पिकविला, त्यांच्या मालाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

शुद्ध तंतूच्या जीन्सलाही शेवटच्या टप्प्यावर दोष लागू शकतो. जीन्स जुनाट दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा मारा करण्याच्या कामामुळे तुर्कस्तानातील अनेक तरुण कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य विकार जडला. २००९ मध्ये तेथील शासनाने या पद्धतीवर बंदी घातली. कापूस सेंद्रिय असता, तरी त्या कामगारांच्या फुप्फुसांत गेलेली वाळू तीच राहिली असती.

देशी कापसाचा विसरलेला पर्याय

आता वऱ्हाडातील देशी कापसाकडे परत वळता येईल. लँकेशायरच्या दृष्टीने आखूड धागा हा त्याचा दोष होता. परंतु डेनिमसाठी जाड सूत लागते व असे सूत आखूड धाग्याच्या कापसापासूनही कातता येते. देशी जाती अवर्षण व रसशोषक किडी यांना तुलनेने अधिक तोंड देतात. शिवाय देशी कापसात २६, तर अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे असल्याने त्यांचा आपोआप संकर सहसा होत नाही. त्यामुळे शेजारच्या बीटी कापसाच्या परागाने देशी पीक दूषित होण्याची भीती फारच कमी असते. ज्या पडताळणीअभावी सेंद्रिय कापसाचा व्यापार अडचणीत आला, तिला निसर्गानेच येथे साह्य केले आहे.

या पर्यायाच्याही मर्यादा आहेत. देशी कापसाची बोंडे लहान असतात, कापूस गळू नये म्हणून वेचणी वरचेवर करावी लागते व बाजारात भाव धाग्याच्या लांबीवर ठरतो. वेचणीची मजुरी व भावातील तफावत यांची भरपाई खरेदीदाराने केल्याखेरीज हा कापूस केवळ गुणवर्णनावर टिकणार नाही. विदर्भात डेनिमची गिरणीही आहे आणि डेनिमजोगा देशी कापूसही होता. या दोहोंची भेट घडविणे हा शेती-संशोधनाइतकाच खरेदी-धोरणाचा विषय आहे.

समारोप

जीन्सच्या तंतूंचा इतिहास पाहता तीन गोष्टी निदर्शनास येतात. पहिली, ‘पर्यायी’ तंतू बहुधा जुनेच आहेत. जवस व भांग हे तंतू टंचाईच्या काळात पुढे आले व टंचाई सरताच मागे पडले. पर्यावरणाच्या हेतूने आलेला आजचा पुरस्कार टिकावयाचा असेल, तर त्याला बाजारभावाचा आधार लागेल. दुसरी, वनस्पतिजन्य असणे ही न्याय्य किंवा स्वच्छ असण्याची हमी नाही, हे नीळ, कुजविलेली भांग व बांबूचे व्हिस्कोस यांनी वेगवेगळ्या काळात दाखवून दिले. तिसरी, बदलाचा खर्च ज्याच्या माथी येतो त्याचा हिशेब मांडल्याशिवाय कोणतेही वस्त्र पर्यावरणस्नेही म्हणता येणार नाही.

जीन्सवरील चिठ्ठीत धाग्याचे नाव असते. त्या धाग्याचे शेत, संक्रमणाच्या वर्षांत शेतकऱ्याला मिळालेला भाव व धुलाईच्या कारखान्यातील कामगाराचे आरोग्य यांची माहितीही तिच्याबरोबर उपलब्ध व्हावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. विदर्भाच्या काळ्या मातीतून जगाच्या बाजारात कापूस गेला त्याला दीड शतकाहून अधिक काळ लोटला. त्या मातीचा व तिच्यात राबणाऱ्याचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही.